धरून चालणे

कडूबाई उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वहीत न बघता म्हणाल्या, "आय कॅन काउंट ऑन माय ब्रदर-इन-लॉ. ही विल ऑलवेज चीट मी." वर्गात कुणी हसलं नाही, हेच रुद्रेशला जास्त लागलं. हसण्यापुरतंही इंग्रजी या चौदा जणांना सहा आठवड्यांत आलेलं नव्हतं. धाराशिवात बार्शी नाक्याजवळ, टायरच्या दुकानावरच्या खोलीत तो रोज सकाळी आठ ते साडेनऊ ही बॅच घेई. समोर विम्याचे दोन एजंट, लग्न ठरलेल्या तीन मुली, मुलाखतीत पडून पडून चेहरा कायमचा नम्र झालेले काही तरुण आणि शेवटच्या बाकावर तेरहून पहिल्या गाडीनं येणाऱ्या या कडूबाई. सगळ्यांना इंग्रजी बोलायचं होतं, आणि कुठल्याही भाषेत बोलण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं, असं रुद्रेशचं ठाम मत होतं. फळ्यावर त्यानं 'रिलाय ऑन', 'डिपेंड ऑन', 'बँक ऑन', 'काउंट ऑन' अशी चार क्रियापदं एकाखाली एक लिहिली होती आणि चारींपुढे मिळून एक महिरपी कंस काढून 'भरवसा ठेवणे' एवढाच अर्थ दिला होता. चारींतला फरक सांगणं म्हणजे शब्द वाया घालवणं. मघाशीच एका एजंटानं 'बँक ऑन'चा अर्थ 'बँक चालू आहे' असा लिहिला होता आणि रुद्रेशनं ती वही दोन बोटांत धरून साऱ्या वर्गाला दाखवली होती.

"चूक," तो कडूबाईंना म्हणाला.

"काय चुकलं, सर?"

"भरवसा ठेवणे म्हणजे काय? फसवणाऱ्या माणसावर कुणी भरवसा ठेवतं का? मित्रावर ठेवतात. आईवर ठेवतात. दिरावर ठेवायचा तर दीर तसा पाहिजे."

"पर त्यो कंदी चुकत न्हाय ना, सर. पंचवीस साल झाली. दर पेरणीला बांध इतभर आमच्याकडं सरकिवतो. पाऊस एखाद्या साली चुकतो, दीर चुकत न्हाय. म्या त्याच्या आदी जाऊन बांधावर उभी ऱ्हाते, कारन त्यो येनारच. मग ह्येला विंग्रजीत काय म्हनायचं?"

"इंग्रजीत ह्याला काही म्हणत नाहीत. बसा खाली."

कडूबाई बसल्या. त्यांनी वहीतलं वाक्य खोडलं नाही, हे त्यानं पाहिलं. त्यांची मुलगी परदेशात कुठंतरी नर्स होती आणि तिच्या बाळंतपणाला त्या एकट्या विमानानं जाणार होत्या. तेवढ्यासाठी त्यांना हे सगळं हवं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी हे सांगितलं तेव्हा रुद्रेशच्या मनात आलं होतं, की विमानतळावर ही बाई कुणालातरी 'ये बाबा' म्हणून हाक मारील आणि तिचं काम होऊन जाईल, आपल्याकडं यायची हिला गरज काय? त्याला अशा माणसांचा विशेष तिटकारा होता, ज्यांचं सगळं आपल्याशिवायही भागतं आणि तरी जी आपल्यापुढं हात जोडून बसतात. अर्थात ज्यांचं भागत नाही त्यांचाही त्याला तिटकाराच होता.

साडेनऊला वर्ग सुटला. खाली टायरवाल्याचा हवेचा पंप धडधडत होता. घरी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाढदिवसांचे फ्लेक्स, त्यांवर गॉगल लावलेले भावी कुणीतरी, आणि खाली शुभेच्छुक म्हणून पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची रांग. एकमेकांच्या आधारानं उभं राहिलेलं गाव, असं त्याला दरवेळी वाटे, आणि दरवेळी आपण त्यात नाही याचं बारीकसं सुख होई. आज ते सुख झालं नाही. 'त्यो येनारच' हे दोन शब्द दातात अडकलेल्या सुपारीसारखे जिभेला लागत राहिले. त्या बाईच्या आवाजात तक्रार नव्हती. दिराविषयी बोलताना तिच्या तोंडावर जे होतं ते जवळजवळ समाधान होतं. एवढ्या खात्रीनं आपल्याविषयी कुणी बोलेल का, असा एक मूर्ख विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि तो विचार कडूबाईंनीच आणला म्हणून त्याला त्यांचा आणखी राग आला.

दुपारी जेवण झाल्यावर त्यानं कपाटातला जाडा कोश काढला. काढला तो स्वतःची खात्री करायला नाही, उद्या त्या बाईला कोशाचं पान दाखवायला. अठ्ठावीस वर्षं कॉलेजात आणि क्लासात हे क्रियापद शिकवूनही या नोंदीवर तो कधी थांबला नव्हता. तिथं लिहिलं होतं: अमुक गोष्ट घडेल किंवा अमुक माणूस अमुक प्रकारे वागेल, असं खात्रीनं धरून चालणे. एवढंच. मित्राचा उल्लेख नव्हता. आईचा नव्हता. चांगलं, विश्वासू, आपलं, असला एकही शब्द नव्हता. खाली उदाहरण होतं, आणि त्यातला माणूस नेहमी उशिरा येणारा होता. सगळे त्याच्या उशिरा येण्यावर बिनघोर विसंबून होते. रुद्रेशनं कोश मिटला. चारींपुढचा तो महिरपी कंस त्याच्या डोळ्यांपुढं आला आणि त्याच्या तोंडावर वहाण बसल्यासारखं झालं. तेरच्या एका चौथी पास बाईचं बरोबर होतं.

स्वयंपाकघरात उमादेवी वाटाणे सोलत होती. ती त्याची बायको, लग्नाला चोवीस वर्षं झालेली. तिच्या मालिका, तिचे सोमवार, तिचं ते प्रत्येक गोष्टीला 'असू द्या' म्हणणं, यांविषयी त्याचं काय मत आहे हे तिला माहीत होतं आणि ती त्या मताला फोडणीच्या धुराएवढीही किंमत देत नव्हती. काल संध्याकाळी फोन आला तेव्हा ती इथंच बसली होती. फोन भुवनेश्वरीचा होता, रुद्रेशच्या थोरल्या बहिणीचा, कर्नाटकातल्या आळंदच्या अलीकडच्या खेड्यातून. "गुरुवारी डोळ्याचं करायचं हाय, सोलापूरला," ती म्हणाली होती. "पार्वतम्मा हाय माझ्यासंगं, शेजारची. तुला कळावं म्हणून सांगितलं. तू काय येऊ नको तम्मा, तुझे क्लास असत्यात." लहानपणापासून ती त्याला कानडीत 'तम्मा', धाकटा भाऊ, म्हणे. आणि तिनं लगेच पाऊस, हरभरा, गावच्या खंडोबाची जत्रा असलं काहीबाही काढलं होतं. फोन ठेवल्यावर उमादेवीनं विचारलं होतं, "जाणार का?" "बघतो," तो म्हणाला होता. उमादेवीनं मान डोलावून पुढची शेंग फोडली होती. पुन्हा विचारलं नव्हतं. त्या मान डोलावण्यात काय होतं हे त्याला आज, दुसऱ्या दिवशी, कोश मांडीवर असताना कळलं. तिनं उत्तर ऐकलं होतं आणि ते पक्कं धरलं होतं.

भुवनेश्वरीला एकच डोळा होता. आता त्याच्यावर मोतीबिंदू पिकला होता. डावा जाऊन तीस वर्षं होत आली. चुलीत ओलं लाकूड तडकलं आणि निखारा उडाला, असं तिच्या सासरहून तेव्हा कळवलं गेलं होतं. माहेरी अणदूरला अप्पांनी, म्हणजे वडील शरणबसप्पांनी, दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या ते ऐकलं, विभूती लावलेल्या कपाळावर एक हात मारला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला खोबरं मोजून दिलं. सगळ्यांनी तो निखारा मान्य केला. रुद्रेशनंही केला. तो तेव्हा एम.ए. झालेला होता, कवितेतली एकेक ओळ उलटी-सुलटी करून तिच्यातला खोटेपणा शोधून काढायची त्याला सवय होती, पण त्या निखाऱ्याला त्यानं एक प्रश्न विचारला नाही. उलट त्याला त्या माणसांची कीव आली होती. काय ही खेडी, काय त्या चुली, काय ही माणसं, ज्यांना अजून धड लाकूड वाळवता येत नाही! तुच्छ लेखलं की प्रश्न विचारावे लागत नाहीत, ही सोय त्याला फार लवकर सापडली होती.

पण निखाऱ्याच्या आदल्या वर्षी एक गुरुवार होता. शेजारच्या कापडदुकानात फोन आला होता आणि रुद्रेशला बोलावणं आलं होतं. भुवनेश्वरी कानडीत, घाईघाईनं, दबक्या आवाजात बोलत होती. गुरुवारी बाजाराला म्हणून निघते. अकरा वाजता आळंदच्या स्टँडवर थांबते. तू ये, मला घेऊन जा. अप्पांना सांगू नको, ते परत पाठवतील. त्यानं 'हूं' म्हटलं होतं. गुरुवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो अणदूरच्या हमरस्त्यावर येऊन उभाही राहिला होता. साडेसातची गाडी आली. दार उघडलं. कंडक्टरनं त्याच्याकडं पाहिलं. आणि त्या क्षणी त्याला बहिणीचा विलक्षण राग आला होता, हे त्याला अजून लख्ख आठवतं. रडून रडून चिकट झालेला तिचा तो आवाज, शुद्धलेखनाचा मुडदा पाडणारी तिची पत्रं, नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की अजूनही पदराचं टोक चावणं. हिला आणायचं, मग पुढं काय? ती माजघरात बसून राहणार, गाव दारावरून वाकून जाणार, आणि कॉलेजात नोकरीसाठी कुणी चौकशी करायला आलं तर पहिली तीच दिसणार. परीक्षा महिन्यावर आली होती, हे कारण त्यानं नंतर घातलं. त्या वेळी कारण नव्हतं, नुसती किळस होती. गाडी गेली. मागून आणखी एक आली, तीही गेली. तो हॉटेलात बसून चहा प्याला आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला.

त्यावर त्या दोघांत कधी बोलणं झालं नाही. एकदाच झालं, तीन वर्षांपूर्वी, तिचा नवरा गेल्यानंतर. तेराव्यालाही रुद्रेश गेला नव्हता, महिन्यानं गेला होता, एका दिवसात परत यायचं ठरवून. ती ओट्यावर तूर निवडत बसली होती. पोर नाही, आता नवराही नाही, पण ती वाळलेली दिसण्याऐवजी टवटवीत दिसत होती, तेही त्याला कुठंतरी असभ्य वाटलं होतं. मध्येच, कसलाही संदर्भ नसताना, सुपातले खडे उडवत ती म्हणाली होती, "त्या दिवशी म्या चार वाजेस्तोवर थांबले बघ स्टँडवर. मग बाजाराला आले म्हणलं होतं, तर वांगी घेतली नि गेले घरला. पर तू येत न्हाईस हे मला अकराच्या आदी, दहालाच कळलं होतं." आणि हसली होती. रुद्रेशला तेव्हा मोकळं मोकळं वाटलं होतं. तो ते क्षमा म्हणून घेऊन आला होता. गाडीत बसून त्यानं मनातल्या मनात बहिणीला मोठ्या मनाची म्हणून दाखलाही दिला होता. आज वाटाण्याच्या शेंगा फुटण्याचा आवाज ऐकत तो त्या वाक्यावर पुन्हा गेला, एखादा कठीण उतारा पुन्हा वाचावा तसा, आणि त्यात क्षमा कुठंच सापडली नाही. तिनं काही माफ केलेलं नव्हतं. तिनं फक्त त्याला बरोबर ओळखलं होतं. तीस वर्षांत, लग्नकार्यात, दुखण्याखुपण्यात, नवऱ्याच्या मयताला, तो येणार नाही यावर ती निर्धास्त विसंबली होती आणि त्यानं तिला एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

बुधवारी वर्गात त्यानं फळ्यावरचा कंस पुसला. "काल कडूबाईंचं वाक्य बरोबर होतं," तो म्हणाला. "चूक माझी होती." हे बोलायला त्याला रात्रभर लागलं होतं, आणि बोलल्यावर काहीतरी होईल अशी त्याची अपेक्षा होती. काही झालं नाही. चौदा माना खाली गेल्या आणि चौदा पेनं चालू लागली. 'चूक माझी होती' हेही एकानं लिहून घेतलं असावं. या माणसांपुढं माणूस कोसळला तरी ती त्याची नोट काढतील, असं वाटून तो चिडला, आणि चिडताना थोडा सावरलाही.

"व्हय?" कडूबाई म्हणाल्या. "मला वाटलंच. मग तसंच ऱ्हाऊ द्यायचं ना, सर?"

"राहू द्या. उद्या क्लास नाही."

"का वो सर? काय अडचन?"

"बहिणीचं ऑपरेशन आहे."

"मग जायाच पायजे," कडूबाई सहज म्हणाल्या आणि पिशवी उचलून तेरची गाडी गाठायला निघाल्या. जणू त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. रुद्रेशला वाटलं, यांना जगणं इतकं सोपं का पडतं? आणि त्याला उत्तर नको होतं.

गुरुवारी तो सोलापूरच्या गाडीत बसला तेव्हा उमादेवीला त्यानं फक्त "जाऊन येतो" एवढंच सांगितलं. कुठं, असं तिनं विचारलं. सांगितल्यावर तिच्या हातातलं उलथनं थांबलं. मग तिनं तव्यावरचं थालीपीठ उलटलं. गाडी तुळजापूरचा घाट उतरेपर्यंत तो स्वतःला पाहत होता आणि त्याला स्वतःचीही शिसारी येत होती. हे जाणं खरं होतं की बरोबर ठरण्याची आणखी एक धडपड? एका कोशानं खोटं पाडलं म्हणून निघालेला माणूस! बहिणीच्या डोळ्यासाठी निघाला असता तर सोमवारीच 'येतो' म्हणाला असता. शेजारी बसलेला गृहस्थ मोबाईलवर भजनं लावून मान हलवत होता. तुळजापूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा समोरच धाराशिवला परत जाणारी गाडी उभी होती, अर्धी रिकामी. रुद्रेश तिच्या पाटीकडं बघत राहिला. उतरलं असतं तर कुणालाही काही वाटलं नसतं. कुणी वाटच बघत नव्हतं. हा विचार इतका हलका होता की तो खरंच उठला, रॅकवरची पिशवी काढली, आणि पिशवी मांडीवर घेऊन पुन्हा बसला.

दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या लांबट खोलीत आठ खाटा होत्या. फिनेलचा आणि उकडलेल्या अंड्यांचा वास. शेवटच्या खाटेवर भुवनेश्वरी उताणी पडली होती, इतकी लहान, की पांघरुणात कुणीतरी उशी झाकून ठेवावी. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी. डावीकडं तो जुना, मिटलेला खळगा. म्हणजे आत्ता तिला काहीच दिसत नव्हतं. खाटेजवळ लोखंडी खुर्ची होती, आणि खाली चटईवर एक ठेंगणी बाई, ती पार्वतम्मा असणार, डबा उघडत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. ओळखलं नाही. ओळखणार कशी, दहा वर्षांच्या शेजारात तो एकदाच, तोही काही तासांपुरता आला होता.

"यार?" भुवनेश्वरीनं विचारलं. कोण आहे.

"अक्का," तो म्हणाला.

ती एकदम ताठ झाली. दोन्ही हात पांघरुणाबाहेर आले. "तम्मा? काय झालं? उमा बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"मग कोण गेलं? सांग मला, म्या धीराची हाय. अत्तू आत्या गेली का?"

"कुणी गेलं नाही अक्का. सगळे ठीक आहेत."

"मग तू कसा आलास?"

 अठ्ठावीस वर्षं फळ्यापुढं उभा राहून त्यानं कुठल्याच प्रश्नाला एवढा वेळ लावला नव्हता. शेवटी तो म्हणाला, "तुझं ऑपरेशन होतं म्हणून." हे वाक्य त्याच्याच कानाला कुणा दुसऱ्याचं वाटलं. भुवनेश्वरीनं हात पुन्हा पांघरुणात घेतले. मग तिनं पार्वतम्माला कानडीत सांगितलं, की हा माझा धाकटा भाऊ, धाराशिवला प्रोफेसर असतो, मोठा माणूस आहे, याला खुर्ची दे. पार्वतम्मानं खुर्ची पुढं केली आणि डब्याकडं ओशाळून पाहिलं. "भाकऱ्या दोघींपुरत्याच आणल्यात वो," ती म्हणाली. "तुमी येनार असं अक्का बोलल्या न्हाईत." "मी जेवून आलोय," रुद्रेश म्हणाला, आणि खोटं बोलताना त्याला जरा बरं वाटलं.

डॉक्टरनं सांगितलं होतं, पट्टी उद्या सकाळी सुटेल, मग कळेल. डोळा एकच, वय झालेलं, पडदा आधीच कमजोर. पार्वतम्मा हे हळू आवाजात सांगत होती आणि तिच्या पायांना पडलेल्या भेगा, नाकातली मोठी नथनी, बोटानं दातातलं काढण्याची तिची पद्धत हे सगळं रुद्रेश नेहमीसारखं बघत होता. मनात नेहमीसारखी एक पातळ आंबट साय जमत होती. आणि त्याच वेळी त्याला दिसत होतं, की या बाईनं काल तालुक्यापर्यंत टेम्पोतून, पुढं दोन गाड्या बदलून त्याच्या बहिणीला हाताला धरून इथवर आणलं आहे, आणि कागदावर जिथं नातं लिहायचं होतं तिथं डाव्या अंगठ्याचा ठसा दिला आहे. पार्वतम्मानं घास मोडला, आमटीत बुडवला आणि भुवनेश्वरीच्या ओठांजवळ नेला. भुवनेश्वरीनं न चाचपता तोंड उघडलं. घास तिथं असणारच होता.

तीन वाजता भुवनेश्वरी म्हणाली, "तुझी चारची गाडी हाय. धाराशिवला थेट जाती. लवकर निघ, जागा मिळायची न्हाय."

"मी थांबतो," तो म्हणाला. "उद्या पट्टी सुटेपर्यंत."

"बरं," ती म्हणाली. लहान पोरगं मी मोठेपणी राजा होणार म्हणालं की म्हणतात तसं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा आठवण केली, पार्वतम्मालाही सांगितलं, की स्टँडवर जायला रिक्षा कुठं मिळते ते ह्याला सांग. मग ती औषधाच्या गुंगीत गेली. पार्वतम्मा डबा धुवायला बाहेर गेली. रुद्रेश बसून राहिला. वाचायला काही नव्हतं, तुच्छ लेखायला काही उरलं नव्हतं असं नव्हे, पण त्याचा कंटाळा आला होता. खिडकीबाहेर एका गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. चार वाजले. सव्वाचार झाले. त्याच्या पायाला मुंग्या आल्या तरी त्यानं खुर्ची हलवली नाही, आवाज होईल म्हणून.

साडेचारच्या सुमाराला भुवनेश्वरी जागी झाली. तिनं हाक मारली नाही. कान देऊन ती थोडा वेळ पडून राहिली, मग तिचा हात खाटेच्या कडेवरून हळूहळू बाहेर आला, माणूस उठून गेल्यावर मागं राहिलेली मोकळी जागा चाचपावी तसा, अगदी निवांत. बोटं त्याच्या गुडघ्याला लागली, आणि चटका बसल्यासारखी तिनं ती मागं ओढून घेतली.